धर्माचं शिक्षण आणि सरकारी पैसा



धर्माचं शिक्षण घ्यायला किंवा द्यायला कुठून मदत मिळते का, हा प्रश्न आमच्या गटांत वर्षातून दोन-तीनदा तरी निघतोच. कुणाच्या लेकीला कीर्तन शिकायचंय, कुणाला पाली घेऊन बी.ए. करायचंय, कुणाचा भाऊ मदरशात शिकवतो. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी मुळातली गोष्ट. आपल्या राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं की, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजात धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्मग्रंथांची भाषा, तत्त्वज्ञान, संतसाहित्य हे विद्यापीठाचे विषय आहेत. ते शिकणाऱ्या मुलीला इतर कुठल्याही मुलीसारखीच शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे सरकार धर्माला पैसे देत नाही, शिकणाऱ्या मुलीला देतं. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मदरशाचंच बघा. राज्य सरकारची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना २०१३ पासून आहे. तिच्यातून गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचं मानधन मिळतं. २०२४ मध्ये ते वाढवलं. डी.एड. झालेल्यांना सहा हजारांचे सोळा हजार झाले, बी.एड. झालेल्यांना आठचे अठरा. कुराण शिकवणाऱ्या मौलवींचा पगार मात्र त्यात नाही. तो जमातीनंच उभा करायचा. मदरशातल्या एखाद्या सुनेनं डी.एड. केलं असेल, तर तिनं हे जरूर विचारावं.

वेदपाठशाळांची गोष्ट थोडी वेगळी. उज्जैनचं महर्षी सांदीपनी प्रतिष्ठान केंद्र सरकारचं आहे. वेद तोंडपाठ ठेवण्याची परंपरा टिकावी म्हणून ते गुरुजींना आणि विद्यार्थ्यांना मदत करतं. पण ती पाठशाळेमार्फत येते, घरी अर्ज भरून नाही.

पाली शिकणाऱ्या आपल्या बौद्ध मुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. खुल्या गटातल्या मुलींसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, तिची मर्यादा आठ लाख. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर. शिवाय केंद्रीय संस्कृत विद्यापीठ संस्कृत, पाली, प्राकृत शिकणाऱ्यांना गुणांवर शिष्यवृत्ती देतं. संस्कृतसाठी आपल्याकडं रामटेकला कालिदास विद्यापीठ आहे, तेही विसरू नका.

आता कीर्तन. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली सुरू केली. तिथं फी न घेता शिकवायची रीत आहे. मुलींना शिकवणाऱ्या संस्थाही आता निघाल्यात. पण लेक पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघाच. संस्थेची नोंदणी आहे का, मुली झोपतात कुठं, रात्री सोबत बाई असते का. महाराजांचं नाव मोठं आहे म्हणून हे विचारायला लाजायचं नाही.

आमच्याच एका गावात एक गृहस्थ आले होते. म्हणाले, ‘कीर्तनाच्या कोर्सला सरकारी अनुदान मिळवून देतो, आधी तीन हजार भरा.’ ताईंनी गटाकडं कर्ज मागितलं. बैठकीत बायकांनी त्यांना बोलावून एकच विचारलं, ‘प्रमाणपत्र कुठल्या विद्यापीठाचं?’ त्यांना सांगता येईना. चहा घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत. ती मुलगी आता तालुक्याच्या कॉलेजात संस्कृत घेऊन बी.ए. करतेय आणि रविवारी गावातल्या आजींकडं चाली शिकतेय.

त्या आजींसारख्यांसाठीही सांगायचं राहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या, घरची गरिबी असलेल्या कीर्तनकार, भजनी कलावंतांना सरकारचं मानधन आहे, महिन्याला पाच हजार. पंचायत समितीत चौकशी करा. बायका हा अर्जच करत नाहीत. ‘आम्ही कुठले कलावंत’ म्हणतात!

खरी अडचण पैसे उशिरा येण्याची. शिष्यवृत्ती कधी कधी वर्ष संपता संपता जमा होते. तोवर प्रवेशाची फी, पुस्तकं, खोलीचं भाडं कुठून आणायचं? एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. आमच्या गटांनी ठरवलंय, की महाडीबीटीच्या अर्जाची पावती दाखवली की शिक्षणासाठी अंतर्गत कर्ज आधी द्यायचं. म्हशीचं कर्ज महिनाभर थांबतं, प्रवेशाची तारीख थांबत नाही.

निकालाची वाट न बघता आत्ताच कामाला लागा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला काढून ठेवा. बँकेचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं हवं. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का, ते बघा. सगळ्यांत जास्त अर्ज आमच्याकडं तिथंच अडकलेत. कागद पिशवीत घालून पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण एकत्र बसून अर्ज भरू.