कशाला जाताय? — फिरायला!

(जागतिक महिला दिनानिमित्त एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व) येथे झालेल्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला 'स्त्री आणि प्रवास' असा विषय दिला, तेव्हा मी म्हटलं, यावर बोलायला मी कोण? त्यावर इथलीच एक जण म्हणाली, "अगं, डिसेंबरात तुम्ही चौघी गाडी काढून आठ दिवस किनाऱ्यानं उंडारलात ना, तेच सांग." उंडारलात! हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवते. पुरुष फिरला की तो चार गावचं पाणी प्यालेला असतो. बाई फिरली की ती उंडारलेली, नाहीतर भटकभवानी. तर आज या उंडारण्याबद्दलच बोलते.

सुरुवात झाली युरोपापासून. आमच्या भिशीत मीना प्रभूंची पुस्तकं हातोहात फिरत होती. ग्रीसवरचं 'ग्रीकांजली', इटलीवरचं 'रोमराज्य'. २०२५ साली त्या गेल्या, पण एकट्या बाईनं जग बघावं आणि ते मराठीत सांगावं, ही वाट त्यांनी रुळवून दिली. आमच्याही मनात आलं, असं गाडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जावं, आवडेल त्या गावात थांबावं, दुपारभर जेवत बसावं. इटलीत म्हणे संध्याकाळी अख्खं गाव नुसतं चालायला बाहेर पडतं, त्याला 'पासेज्जाता' असा शब्दच आहे. काम नाही, बाजार नाही, नुसतं चालायचं!

मग हिशोब मांडला. महिना पाचशे, दोन वर्षं, म्हणजे डोई बारा हजार. त्यात युरोप बसेना. तेव्हा आमच्यातली सगळ्यांत वयानं मोठी, तिला आम्ही नुसतं ताई म्हणतो, ती म्हणाली, "युरोप आपल्याकडे येऊन गेलाय की! वसईच्या किल्ल्यापासून निघू आणि पोर्तुगीज जिथं जिथं राहिले त्या किनाऱ्यानं जमेल तितकं खाली जाऊ."

या ताईबद्दल थोडं सांगायला हवं. तिनं एकतीस वर्षं चर्चगेटला नोकरी केली. विरार लोकलनं गेली, विरार लोकलनं आली. १९९२ साली पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, त्याचा आनंद ती अजून सांगते. नायगाव आणि भाईंदरच्या मधली खाडी तिनं रोज दोनदा ओलांडली. मध्ये पाणजू बेट दिसतं, ते तिनं एकतीस वर्षं खिडकीतून, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावरून पाहिलं. तिथं कधी उतरली नाही, कारण तिथं तिचं काही काम नव्हतं.

इथंच खरी गोम आहे. बाईनं कुठं जायचं तर काहीतरी काम लागतं. बाळंतपण, लग्न, मयत, देवदर्शन, परीक्षा, दवाखाना. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेही शिकायला. आपण चळवळीतल्या बायकाही वेगळ्या नाही. मोर्च्याला गेलो, शिबिराला गेलो, १९८३ पासून 'मुलगी झाली हो' घेऊन कार्यकर्त्या गावोगाव हिंडल्या. हे सगळं मोलाचंच आहे. पण कामाशिवाय, नुसतं बरं वाटतं म्हणून आपल्यातल्या किती जणी कुठं गेल्या?

आम्ही घरी सांगितलं, तेव्हा चारही घरांत एकच प्रश्न आला. "कशाला?" कुठं, कुणाबरोबर, किती दिवस, हे सगळं नंतर. आधी कशाला. एकीनं घाबरून गणपतीपुळ्याचं नाव पुढं केलं आणि तिला लगेच परवानगी मिळाली! ताईकडे वेगळीच अडचण. निवृत्तीनंतर नातवाला तीच सांभाळते. सून म्हणाली, "आई, तुम्ही जा, मी रजा टाकते." मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. पण घरी येऊन विचार करत बसले, की मुलानं का नाही टाकली रजा? त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आम्हीही नाही.

२०१९ मध्ये सरकारनंच देशभर पाहणी केली, कुणाचा दिवस कुठं जातो याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषाची जातात ९७. म्हणजे बाई पाच तास, पुरुष जेमतेम दीड. तेव्हा कुणी म्हणालं की 'मला वेळच मिळत नाही', तर तो तिचा आळस किंवा नियोजनाचा अभाव समजू नका. तो वेळ घरातच कुणीतरी वापरत असतं.

तर निघालो. आमच्यातली एक सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली, ती चालवायला. घोडबंदरचा वळसा टाळून वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून गाडीसकट रो-रो बोटीनं भाईंदरला गेलो. ही सोय २०२४ मध्ये झाली. ताई कठड्याला धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती खाडी डब्याच्या खिडकीतून न बघता उघड्यावर उभं राहून बघत होती. सोबत डब्यात सुकेळी होती, वसईची. पुढं मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून तशाच बोटीनं मांडव्याला उतरलो.

किल्ल्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली. पण त्यात बायका कुठं आहेत? एक गोष्ट सांगते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालचा राजा आपल्याकडच्या अनाथ मुली जहाजात बसवून गोव्याला पाठवायचा, तिथल्या पोर्तुगीज पुरुषांशी लग्नं लावायला. जो लग्न करील त्याला हुंडा म्हणून सरकारी नोकरी किंवा जमीन मिळायची. म्हणजे त्या देशातून इकडे मुलीही आल्या, पण त्या काही समुद्र बघायला आल्या नव्हत्या. त्यांनाही काम नेमून दिलेलं होतं.

आणि सहलीच्या जाहिरातीतला तो रम्य दक्षिण युरोप? स्पेनमध्ये १९७५ पर्यंत लग्न झालेल्या बाईला बँकेत खातं उघडायला, पासपोर्ट काढायला नवऱ्याची परवानगी लागायची. पोर्तुगालमध्ये परदेशी जायला नवऱ्याची संमती लागायची, ती अट १९६९ मध्ये गेली. तिथल्या बायका चौकात निवांत कॉफी पिताना आज फोटोत दिसतात, ते त्यांना ऊनवाऱ्यासारखं आपसूक मिळालेलं नाही.

अलिबाग, रेवदंडा मागं टाकून कोर्लईला थांबलो. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजमधून उपजलेली एक बोली बोलतात. तिच्या नावाचा अर्थच 'आपली भाषा'. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, भाषा घराघरांत राहिली. मग गाडीत आमचा खेळ सुरू झाला, आपल्या मराठीत त्यांचे शब्द कोणते? पाव, बटाटा, काजू, अननस. मग इस्त्री. मग पगार आणि चावी. ताई म्हणाली, "बघा, पाव, बटाटा आणि इस्त्री आपल्याकडे लगेच आले. पगार आणि चावी यायला किती वर्षं गेली!" हसलो खूप. पण खरं सांगते, ही सहल घडली ती त्या दोन शब्दांमुळे. भिशीतला पैसा आमचा होता आणि गाडीची चावी आमच्यातल्या एकीच्या हातात होती.

सगळं गोडगोड झालं असं नाही. एका गावी संध्याकाळी लॉजवर खोल्या मागितल्या. मॅनेजरनं रजिस्टर उघडलं आणि आमच्या पाठीमागं पाहिलं. "जेन्ट्स मागून येतायत का?" नाही म्हटल्यावर खोल्या एकाएकी भरल्या! पन्नाशीच्या, साठीच्या चार बायका आम्ही, पण बाई एकटी किंवा चौघी, पुरुषाशिवाय ती 'एकटीच'. दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली, कुणी व्यासपीठावरून न बोलणारी. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून आम्ही सकाळपासून पाणी पीत नव्हतो. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी'ची मोहीम चालली, तेव्हा काही लोक हसले होते. ज्यांना हसू येतं त्यांनी एकदा सहा तास पाणी न पिता घाटातून जाऊन बघावं.

पण सुखही होतं, आणि ते मी लाजत सांगणार नाही. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, बाणकोटच्या खाडीवर पुन्हा फेरीबोट. प्रत्येक खाडीशी थांबायचं, बोट येईपर्यंत धक्क्यावर पाय सोडून बसायचं. हर्णैला किनाऱ्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहिला, दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरीबरोबर सुरमई खाल्ली, सोलकढी तर किती प्यायलो. 'आज काय करू?' हा प्रश्न आठ दिवस कुणी कुणाला विचारला नाही. पहिले दोन दिवस तर मला काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

दापोलीजवळच्या मुरुडला गेलो. महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे बायांशी, पुनर्विवाह केला आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाई बालविधवा. १८८९ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आलेली पहिली विधवा त्याच. ज्या वाटेवर आपण आज गाणी लावून गाडी चालवतो, त्या मुलखातून एक विधवा मुलगी शिकायला मुंबईला गेली होती. आपल्या फिरण्याला कारण लागू नये, इथवर गोष्ट आली ती अशा कारणांसाठी घराबाहेर पडलेल्या बायकांमुळेच.

आता शेवटची गोष्ट. दाभोळच्या बाजूला एका घरी राहिलो. घरगुती जेवण, राहण्याची सोय. काकू पहाटे पाचपासून उभ्या. घावने, उसळ, दुपारी मासे, रात्री पुन्हा स्वयंपाक. आम्ही ताटं उचलायला लागलो तर रागावल्या, "पैसे देता ना? मग बसा." मला तो घास जड गेला. आम्ही आयतं जेवलो म्हणजे काम नाहीसं झालं नव्हतं, ते फक्त आमच्या हातून काकूंच्या हाती गेलं होतं. त्यांच्या अंगणातून खाडी दिसते, धोपाव्याला जाणारी फेरी दिसते. मी विचारलं, "काकू, तुम्ही जाता की नाही पलीकडे?" म्हणाल्या, "एकदा मयताला गेले, एकदा दवाखान्यात. एरवी पलीकडं माझं काय काम?"

ताई ताडकन उठली. तिला पाणजू आठवलं असणार. म्हणाली, "उद्या आमच्याबरोबर चला. काम काही नाही."

काकू नाही नाही म्हणत सकाळी आल्या, बरं का! धुतलेलं लुगडं नेसून, चप्पल घालून. फेरीत आमच्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. पलीकडं आम्ही गाडी उतरवली, त्या बोटीतच थांबल्या आणि त्याच बोटीनं परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझं घर इथून केवढंसं दिसतंय!" बस, एवढंच. त्या दुपारी त्या पुन्हा चुलीशी उभ्या राहिल्या असणार, याची मला कल्पना आहे. एका फेरीनं क्रांती होत नाही.

आमचा बेत गोव्याचा होता, पोचलो रत्नागिरीपर्यंत. घाई कुणाला होती?

इथं कुणाच्या मनात येईल, की ही गाडीवाल्या बायकांची चैन आहे. खरं आहे, गाडी सगळ्यांकडे नाही. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. ते तिकीट माहेरी जायला आहे, बाजाराला आहे, तसंच नुसतं खिडकीशी बसून समुद्र बघायला जाण्यासाठीही आहे. 'व्हाय लॉयटर?' नावाचं एक पुस्तक २०११ मध्ये आलं, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं. त्यांचं म्हणणं असं, की बाईला रस्त्यावर सुरक्षा हवी तशीच विनाकारण रेंगाळण्याची मोकळीकही हवी. मला ते या प्रवासात पटलं. आपण समान वेतन मागतो, संपत्तीत वाटा मागतो. वेळेतला वाटाही त्याच यादीत घालू या.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. नवी भिशी आजपासून सुरू करतोय, महिना शंभरापासून, फक्त फिरण्यासाठी. तो पैसा फ्रीजला जाणार नाही आणि कुणाच्या फीलाही नाही. दुसरं, निघण्याआधी घरातल्या कामांची यादी भिंतीला लावायची आणि प्रत्येक कामापुढं नाव लिहायचं, सगळी नावं सुनेची नकोत. तिसरं, 'कशाला?' असं विचारलं तर देवाचं नाव पुढं करायचं नाही. फिरायला, एवढंच सांगायचं.

येत्या रविवारी ताई आम्हाला पाणजूला नेतेय. नायगावहून होडीनं. डबा ज्याचा त्यानं आणायचा, आणि शक्यतो दुसऱ्या कुणीतरी भरलेला! कोण कोण येतंय, हात वर करा.