ज्वालामुखीची रोजकीर्द



आजच्या व्याख्यानाचे नाव आम्ही कळविले, तेव्हा मालेच्या एका चालकांनी हसून विचारले, "ज्वालामुखी समजला; पण त्यात रोजकीर्द कुठून आली? व्याख्यानाला हिशेब तपासनीस बरोबर आणणार की काय?" त्यांची शंका रास्त होती. ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आग, धूर आणि पळापळ उभी राहते. पेढीवर मान खाली घालून आकडे मांडणारा कारकून उभा राहत नाही. पण आज आम्हास सांगायचे आहे ते त्या कारकुनाविषयीच.

लिहून ठेवण्याच्या दोन रीती आपल्याकडे पूर्वापार आहेत. एक बखर आणि दुसरी रोजकीर्द. बखर घडून गेल्यावर लिहितात. शेवट काय झाला हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते, आणि त्या शेवटाच्या बेताने तो आधीच्या गोष्टी निवडतो. रोजकीर्द त्याच दिवशी लिहितात. उद्या भाव चढणार की पडणार हे दुकानदारास माहीत नसते. जे आले, जे गेले, ते तो मांडून मोकळा होतो. बखरीत रस अधिक, रोजकीर्दीत विश्वास अधिक.

ज्वालामुखींच्या बाबतीत माणसाने शतकानुशतके बखरीच लिहिल्या. इटलीतील व्हेसूव्हियसने इ. स. ७९ मध्ये पाँपेई नगर गाडले. त्याचे उत्तम वर्णन धाकट्या प्लिनीच्या पत्रांत आहे. पण ही पत्रे त्याने इतिहासकार टॅसिटस यास लिहिली ती पाव शतक उलटल्यावर. रोजकीर्द सुरू व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८४१ साली त्याच व्हेसूव्हियससाठी वेधशाळेची स्थापना झाली. या प्रकारची ती जगातील पहिली. पुढे तिचे संचालक झालेले लुईजी पाल्मिएरी यांनी विजेच्या साहाय्याने भूकंप टिपणारे यंत्र तयार केले, आणि १८७२ च्या उद्रेकात लाव्हाचे लोट खाली उतरत असताना ते वेधशाळा सोडून न जाता नोंदी करीत राहिले.

परंतु आज आम्ही आपणांस घेऊन जाणार आहोत ते इटलीत नव्हे, तर जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर. तेथे तोया नावाचे मोठे सरोवर आहे आणि त्याच्या दक्षिण काठाशी उसु नावाचा ज्वालामुखी आहे. उंची म्हणाल तर सातशे मीटरांहून थोडी अधिक. आपल्या सह्याद्रीतल्या पुष्कळ गडांहून तो ठेंगणाच. पण त्याच्या पायथ्याशी गावे आहेत, शेते आहेत, उन्हाळ्यांच्या गरम पाण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांचे नगर आहे. विसाव्या शतकात हा डोंगर चार वेळा जागा झाला: १९१०, १९४३, १९७७ आणि २००० साली. या चार जागरणांची हकीकत म्हणजेच आमचे आजचे व्याख्यान.

आधी थोडे शास्त्र सांगतो. जमिनीखालचा वितळलेला खडक, त्यास आपण शिलारस म्हणू, सगळीकडे सारखा नसतो. कुठे तो पातळ असतो, कुठे घट्ट. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ शिलारसाचे थर एकावर एक पसरून झाला. घाटातून गाडीने जाताना समोरच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात, ते हे थर. उसुचा शिलारस याच्या अगदी उलट, घट्ट आणि चिकट. तो सहजासहजी वाहत नाही. वर येताना तो भोवतालचा खडक फोडतो, जमीन वर उचलतो. खडक फुटला की धक्के बसतात. म्हणून उसु फुटण्याआधी जमीन हादरते. दार ठोठावल्यावाचून आत न येणारा असा हा पाहुणा आहे. फक्त ठोठावणे ऐकणारा कुणी घरात हवा.

१९१० च्या जुलैत धक्के सुरू झाले, तेव्हा जवळच्या मुरोरान येथील पोलीस प्रमुखांनी ते ऐकले. टोकियोतील प्रसिद्ध भूकंपशास्त्रज्ञ प्रा. ओमोरी फुसाकिचि यांची ज्वालामुखीवरील व्याख्याने या गृहस्थांनी पोलिसी शिक्षणाच्या काळात ऐकली होती. उसु पूर्वी फुटला तेव्हाही आधी जमीन हादरली होती, हे त्यांस माहीत होते. त्यांनी वरच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. सुमारे १५ हजार लोकांना त्यांनी घराबाहेर काढले, आणि दुसऱ्याच रात्री, २५ जुलैला, डोंगर फुटला. श्रोतेहो, व्याख्याने ऐकून काय होते, असे विचारणारे लोक प्रत्येक गावी असतात. त्यांना ही हकीकत अवश्य सांगावी.

उद्रेकानंतर स्वतः ओमोरी यंत्रे घेऊन उसुवर आले. त्यांच्या मदतीला स्थानिक मंडळींत बावीस वर्षांचा एक तरुण होता. त्याचे नाव मिमात्सु मासाओ. शास्त्राचे रीतसर शिक्षण त्यास नव्हते. पण डोंगराकडे कसे पाहावे आणि पाहिलेले कसे टिपावे, हे तो त्या दिवसांत शिकला. पुढे तो सोबेत्सु गावचा पोस्टमास्तर झाला.

तेहेतीस वर्षे गेली. २८ डिसेंबर १९४३ रोजी सोबेत्सु परिसरात पुन्हा धक्के बसू लागले. तो महायुद्धाचा काळ. असल्या बातमीने लोकांचे धैर्य खचेल म्हणून सरकारने ती दडपून ठेवली. शास्त्रज्ञ युद्धाच्या कामात गुंतलेले. यंत्रे नाहीत, साधने नाहीत. आणि इकडे गव्हाची शेते हळूहळू फुगू लागली. जवळून जाणाऱ्या आगगाडीचे रूळ वर उचलले जात आणि कामगार ते पुन्हापुन्हा सारखे करीत.

मिमात्सु तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. कुणी त्यांस हे काम सांगितले नव्हते, त्याचे वेतनही मिळणार नव्हते. त्यांनी पोस्टाच्या मागच्या बाजूस खांब उभे केले आणि त्यांच्यामध्ये आडव्या दोऱ्या ताणून बांधल्या. रोज डोळा एकाच जागी राहावा म्हणून हनुवटी टेकण्यास एक आधार केला. त्या आधारावर हनुवटी ठेवून ते दोऱ्यांमधून समोर पाहत. जमिनीची रेषा आज कोणत्या दोरीशी आहे, काल कोणत्या दोरीशी होती, हे पाहून पेन्सिलीने कागदावर आकृती काढीत. एवढेच त्यांचे यंत्र.

जून १९४४ मध्ये स्फोट सुरू झाले आणि ते ऑक्टोबरपर्यंत चालले. राखेने शेते झाकली गेली. त्यानंतर फुगलेल्या जमिनीतून घट्ट शिलारसाचा एक घुमटच वर येऊ लागला. सप्टेंबर १९४५ पर्यंत तो वाढत राहिला. जिथे गहू पिकत होता तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीचा डोंगर उभा राहिला. त्याचे नाव शोवा-शिनझान, म्हणजे शोवा राजवटीतला नवा डोंगर. मधल्या काळात युद्ध संपले, राज्यव्यवस्था बदलली. पोस्टमास्तरांची दोरी मात्र ढळली नाही.

या आकृत्या एकत्र केल्यावर जे चित्र तयार झाले, ते १९४८ साली ऑस्लो येथील जागतिक परिषदेत शास्त्रज्ञांपुढे ठेवण्यात आले. एक डोंगर जन्मापासून पूर्ण वाढीपर्यंत पायरीपायरीने टिपलेला जगाने पाहिला. 'मिमात्सु आकृती' या नावाने ते चित्र आजही ओळखले जाते. इकडे गावात ज्यांची शेते डोंगराखाली गेली होती, त्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. मिमात्सुंनी १९४६ मध्ये ती जमीन स्वतः विकत घेतली. शेतकऱ्यांना चार पैसे मिळाले आणि डोंगर खाणकामापासून वाचला. १९५७ साली जपान सरकारने त्यास विशेष नैसर्गिक स्मारकाचा मान दिला.

पण त्याने एक तरी जीव वाचला काय, हा प्रश्न कुणीही व्यवहारी माणूस विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर पुढच्या दोन उद्रेकांत आहे. ऑगस्ट १९७७ मध्ये धक्के सुरू होऊन जेमतेम दीड दिवसात उसु फुटला. पुढल्या वर्षी पावसाने राख वाहून आली आणि चिखलाच्या लोटात तीन माणसे गेली. मिमात्सुंनी आपल्या हयातीतला हा तिसरा उद्रेक पाहिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आता चारही नोंदी शेजारी ठेवून पाहा. १९१० मध्ये धक्क्यांपासून उद्रेकापर्यंत चारपाच दिवस. १९४३ च्या वेळी सहा महिने. १९७७ मध्ये दीड दिवस. मुहूर्त ठरलेला नाही. पण धक्के आले आणि उद्रेक झाला, हा क्रम मात्र चुकलेला नाही. म्हणून २७ मार्च २००० रोजी धक्के सुरू झाले, तेव्हा होक्काइदो विद्यापीठाचे प्रा. ओकादा हिरोमु व त्यांचे सहकारी यांना लोकांपुढे ठामपणे बोलता आले. काही दिवसांत डोंगर फुटण्याची शक्यता फार मोठी आहे, असा इशारा २९ मार्चला निघाला. गावांनी धोक्याचा नकाशा १९९५ सालीच छापून वाटला होता. दहा हजारांहून अधिक लोक घरे सोडून गेले. ३१ मार्चच्या दुपारी उसु फुटला. राजमार्ग मोडला, इमारती कोसळल्या, वस्तीला लागूनच नवी विवरे पडली. मनुष्यहानी झाली नाही.

येथे व्याख्यान संपविले असते तर ते गोड झाले असते. परंतु ते खरे झाले नसते. म्हणून दोन कडू गोष्टी सांगणे आम्हास भाग आहे.

पहिली दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाची. तेथील नेवादो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी १९८५ साली वर्षभर धुमसत होता. धोक्याचा नकाशा ऑक्टोबरमध्ये तयार झाला होता, आणि आर्मेरो हे नगर त्यात धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेले होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री स्फोट झाला. शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाचा लोट नदीच्या पात्रातून आर्मेरोकडे निघाला. पोहोचायला त्यास सुमारे अडीच तास लागले. अडीच तासांत माणूस पायीसुद्धा जवळच्या टेकडीवर जाऊ शकतो. पण नगर हलले नाही, आणि २० हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. चोपडी लिहिलेली होती. ती वाचून वेळेवर हुकूम देणारा आणि त्या हुकुमावर विश्वास ठेवणारा, हे दोघे त्या रात्री नव्हते.

दुसरी गोष्ट खुद्द जपानची. २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी दुपारी, ओन्ताके पर्वतावर गिर्यारोहकांची गर्दी असताना तो अकस्मात फुटला. मृत व बेपत्ता मिळून ६३ जण गेले. आधी दोन आठवडे लहान धक्के वाढल्याची नोंद यंत्रांनी केली होती, पण पुढे ते कमीही झाले होते. हा स्फोट वर चढणाऱ्या शिलारसाचा नव्हता, तर खडकात कोंडलेल्या तापलेल्या पाण्याच्या वाफेचा होता, आणि अशा स्फोटाची चाहूल फार पुसट असते. तेव्हा उसुवरून घेतलेला धडा ओन्ताकेस लागू पडत नाही. प्रत्येक डोंगराची रोजकीर्द निराळी, आणि ती त्याच डोंगराशी बसून लिहावी लागते.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. भूकंपमापक जमिनीची बारीकशी थरथर टिपतात, उपग्रह जमिनीचा काही सेंटिमीटरांचा फुगवटा मोजतात, विवरातून बाहेर पडणाऱ्या गंधकाच्या वायूचे माप घेता येते. पण नीट पाहिले तर उपग्रह जे करतो तेच पोस्टमास्तरांची दोरी करीत होती: काल जमीन कुठे होती आणि आज कुठे आहे? यंत्र बदलले, प्रश्न तोच राहिला. त्या प्रश्नास अर्थ येतो तो 'काल'मुळे, आणि कालची नोंद आज कितीही पैसे मोजले तरी विकत मिळत नाही. ती कालच कुणीतरी केलेली असावी लागते.

आपल्या देशात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट. तेथे वस्ती नाही. दीर्घ काळ निजलेले हे बेट १९९१ साली पुन्हा जागे झाले. महाराष्ट्रातले आमचे पाषाण तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाले. मग उसुची गोष्ट आपण का ऐकावी? आमचे उत्तर असे की, संकट आगीचे असो वा पाण्याचे, त्याची वही संकट येण्याआधी उघडावी लागते. ती रोज भरावी लागते, काही घडले नाही त्या दिवशीही; आणि गावाला ती वाचता आली पाहिजे. व्हेसूव्हियसवर हे काम पगारी शास्त्रज्ञाने केले. सोबेत्सुत ते एका पोस्टमास्तराने केले, टपालाचे काम सांभाळून.

मघाच्या चालकांना आम्ही आता एवढेच सांगू की, हिशेब तपासनीस आम्ही बरोबर आणला नाही. तो काम प्रत्यक्ष डोंगरच करतो.