दिवाळीच्या आधी घर रंगवताय? आधी भिंतीला विचारा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय तुमच्या घरातल्या चार भिंतींचा आहे.

गणपती गेले की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं. "यंदा दिवाळीच्या आधी रंग काढून घेऊया." मग शेड कार्ड येतं, रील्स बघितल्या जातात, आई म्हणते क्रीम, ताई म्हणते एक भिंत टेक्स्चरची हवी. सगळी चर्चा रंगाची. भिंत कोरडी आहे का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मी रंगकामाच्या साइटवर वावरणारा माणूस आहे. म्हणून आज एकच गोष्ट सांगतो, थोडी न आवडणारी. पाऊस झेलणाऱ्या भिंतीला दिवाळीच्या आधी रंग देऊ नका. दिवाळी होऊ द्या, थंडी पडू द्या, मग द्या.

आता तुम्ही म्हणाल, आजी-आजोबा तर दर दिवाळीला घर रंगवायचे, त्यांचं कसं चालायचं? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याच्या उत्तरातच सगळी गंमत आहे.

चुन्याचं गणित वेगळं होतं

त्यांच्या वेळी घराला चुना लागायचा. चुनकळी आणायची, पिंपात पाणी घालून भिजवायची, ती खदखदायची, मग गाळून त्यात थोडी नीळ टाकायची आणि कुंच्याने भिंतीवर ओढायची. हा चुना भिंतीवर वाळतो तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. या क्रियेला ओलावा लागतो. म्हणून तर चुना लावण्याआधी जाणते लोक कोरड्या भिंतीवर पाणी शिंपडतात.

दुसरं म्हणजे चुन्याचा थर वाफ अडवत नाही. पावसाळ्यात भिंतीने प्यायलेलं पाणी त्यातून हळूहळू बाहेर पडतं. शिवाय ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही. म्हणजे पाऊस संपला, भिंती दमट आहेत, बुरशीचा वास येतोय, अशा वेळी चुना लावणं ही अगदी शहाणी पद्धत होती.

मग चुना गेला, डिस्टेंपर आला, पुढे इमल्शन आलं. इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळलेलं एक प्रकारचं प्लास्टिकच. पाणी उडून गेलं की भिंतीवर त्याचा पातळ पापुद्रा उरतो. धुता येतो, छान चमकतो, पण चुन्यासारखी वाफ जाऊ देत नाही. सामान बदललं आणि मुहूर्त तोच राहिला. गडबड झाली ती इथे.

भिंतीच्या आत काय चालतं

ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर काय होतं, ते जिमला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. भिंतीचं तेच होतं.

मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त भिजते. पाऊस परततो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. आता दिवाळी बघा. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. म्हणजे चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीला वाळायला आपण दोन ते पाच आठवडे देतो. त्यातही रंगारी दहा दिवस आधीच घरात शिरलेला असतो.

विटेत आणि सिमेंटमध्ये क्षार असतात. पाणी बाहेर यायला निघालं की ते क्षार विरघळवून सोबत आणतं. पृष्ठभागाजवळ पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. भिंतीवर पांढरी, खारट भुकटी दिसते ना, ती हीच. वर रंगाचा पापुद्रा असेल तर हे स्फटिक त्याच्या मागे वाढतात आणि त्याला आतून ढकलतात. आधी फुगे, मग पोपडे. रंग महागडा असो की स्वस्त, पोपडे दोघांचेही निघतात.

एका जोडप्याची गोष्ट सांगतो. नवीन फ्लॅट, कर्जाचे हप्ते सुरू, घरात रांगणारं बाळ. दिवाळीचा बोनस बेडरूमच्या रंगावर घातला. पलंगामागची भिंत पश्चिमेची. काम करणाऱ्याने सांगितलं, "ओल आहे थोडी, पण पुट्टी मारली की झाकून जाईल." खरंच झाकली गेली. मार्चमध्ये पलंगाच्या उशाशी पोपडे पडायला लागले आणि बाळ ते उचलून तोंडात घालायला लागलं. मला फोटो आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "कोणत्या कंपनीचा रंग लावायला हवा होता?" उत्तर कंपनीत नव्हतंच. खिडकीच्या बाहेरच्या कोपऱ्यात भेग होती. ती आधी बुजवायला हवी होती.

म्हणून हे लक्षात ठेवा: पुट्टी भिंत गुळगुळीत करते, पाणी थांबवत नाही. आणि बाहेरून येणारं पाणी आतून वॉटरप्रूफ कोट मारून थांबत नाही. ते फक्त दोन फूट सरकून दुसरीकडून निघतं.

तीन चाचण्या, जवळजवळ फुकट

पहिली, पेन्सिलची. ओलीचा डाग दिसतोय तिथे त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. दर आठ दिवसांनी पुन्हा तेच. डाग रेघेच्या आत आकसत चालला असेल तर ते पावसाचं पाणी आहे आणि भिंत वाळतेय. भर एप्रिलमध्येही डाग तेवढाच असेल तर पावसाला दोष देऊ नका. पलीकडे बाथरूम, किचनचं सिंक किंवा भिंतीतला पाइप आहे का ते बघा. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल असेल, तर ती बहुधा जमिनीतून वर चढतेय.

दुसरी, प्लास्टिकची. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसंच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीत आहे, रंगकाम थांबवा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर दमट हवेचा प्रश्न आहे. खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा.

तिसरी, मोबाइलच्या टॉर्चची. रात्री दिवे बंद करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा पाडा. फुगे, भेगा, उंचवटे, जुन्या पुट्टीचे ठिगळ, सगळं दिसतं. तळहाताने भिंत पुसून बघा, पांढरी पूड हाताला लागली तर वरचा थर कच्चा आहे. त्यावर नवा रंग धरत नाही.

आणि हो, ते तारखा टाकलेले फोटो जपून ठेवा. गळती बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून असेल, तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. तुमच्याच बाथरूमची किंवा सिंकची गळती असेल तर खर्च तुमचा. सेक्रेटरी काकांना नुसतं "काका, ओल येतेय" म्हणण्यापेक्षा सहा फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरात शिरतानाच असे फोटो काढून मालकांना पाठवा. डिपॉझिट परत घेताना कामी येतील.

घाईची धूळ कुठे जाते

दिवाळीच्या घाईचा आणखी एक तोटा आहे, तो भिंतीला नाही, माणसांना होतो. घाईत जुना रंग कोरडाच घासतात. घरभर धूळ.

आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः दारं, खिडक्या, ग्रिल यांच्या पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिसं असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. म्हणून घर जुनं असेल तर दारं-ग्रिल वॉटर पेपरने ओलं करून घासायला सांगा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलांना आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. आणि घासणाऱ्या दादांना चांगला मास्क द्या. आपण एकदा रंग काढतो, ते रोज ती धूळ खातात.

इमारतीला बाहेरून रंग लागत असेल तर एवढं बघाच: दोरीवर बसलेल्या माणसाच्या अंगात पट्टा आहे का, आणि तो पट्टा बैठकीच्या दोरीपेक्षा वेगळ्या दोरीला बांधलाय का. नसेल तर काम थांबवायला सांगा. यात लाजायचं काही नाही.

मग दिवाळीला काय करायचं?

घर तसंच ठेवा असं मी म्हणत नाही. आतल्या दोन खोल्यांमधली भिंत, जिला बाहेरची हवा लागत नाही आणि पलीकडे बाथरूमही नाही, ती कोरडी असते. प्लास्टिकची चाचणी करा आणि खुशाल रंगवा. दार, उंबरठा, ग्रिल करून घ्या. बाकीच्या भिंती पुसा, बुरशी साफ करा. बुरशीला ब्लीच वापरणार असाल तर पाणी घालून पातळ करा, खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. गावाकडे माती-चुन्याचं किंवा जांभ्या दगडाचं जुनं घर असेल तर तिथे पुट्टी-इमल्शनचा हट्ट सोडा, चुनाच लावा. त्या भिंतींना तोच मानवतो.

बाकी काम डिसेंबर ते फेब्रुवारीत. बाहेरची भेग किंवा पाइप आधी दुरुस्त, मग डाग आकसेपर्यंत थांबायचं. नवं प्लास्टर केलं असेल तर कमीत कमी महिनाभर. नंतर सुटा झालेला सगळा थर खरवडायचा, भेगा थोड्या रुंद करून भरायच्या, पातळ पुट्टी, घासणं, प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात. प्रत्येक थर वाळू द्यायचा.

कोटेशन घेताना नुसता "टू बीएचकेचा रेट" विचारू नका, मोजमाप विचारा. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण ४० वजा केले तर राहिले ३५६. वर १२० चौरस फुटांचं छत. आणि कागदावर लिहून घ्या: खरवडणं किती, पुट्टीचे थर किती, प्रायमर आहे की नाही, रंगाचे हात किती. भाव कमी करायला सांगितला की सगळ्यात आधी यातलंच काहीतरी गायब होतं, आणि ते रंगाखाली दिसत नाही.

घरात हे पटवणं सोपं नाही, मला माहीत आहे. दिवाळीला पाहुणे येणार, भिंतीवर डाग, आईला कसंतरीच होणार. तेव्हा तिला चुन्याची गोष्ट सांगा. आजी चुकत नव्हती, तिचा चुना वेगळा होता. आकाशकंदील लावा, पणत्या लावा, त्या उजेडात डाग फारसा दिसत नाही. जानेवारीत दिलेला रंग मात्र पुढच्या दिवाळीलाही तसाच दिसेल.

तुमच्या भिंतीचा पेन्सिलवाला फोटो काढलात तर मला नक्की पाठवा. पुढच्या भागात गच्चीच्या गळतीबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा. नमस्कार!