चावीचे घड्याळ



मनगटी घड्याळ हे केवळ वेळ दाखविण्याचे साधन आहे असे मानले, तर आजचे माझे भाषण येथेच संपावयास हवे. त्या कसोटीवर निकाल केव्हाच लागलेला आहे. सेलवर चालणारे साधे क्वार्ट्झचे घड्याळ महिन्याकाठी दहा-पंधरा सेकंद मागेपुढे होते. चावीचे चांगले घड्याळ तेवढी चूक एका दिवसात करून मोकळे होते. क्वार्ट्झ स्वस्त, हलके, आणि रोज चावी देण्याची कटकट नाही. ज्याच्या मिळकतीत पूर्वी घड्याळ बसत नव्हते, अशा कितीतरी माणसांच्या मनगटावर ते क्वार्ट्झनेच आणून बांधले. हे ऋण नाकारून जुन्या घड्याळाची थोरवी गाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आणि तरीही चावीच्या घड्याळाची ओढ माणसाला सुटलेली नाही. ती का, याचा थोडा विचार करू.

आधी क्वार्ट्झचेच अंतरंग पाहू. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, हे झाक व प्येर या क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. उलटपक्षी, वीज दिली की असा स्फटिक कंप पावतो. क्वार्ट्झ म्हणजे असाच एक स्फटिक. घड्याळातील त्याचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा लहरीने निवडलेला नव्हे. तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि सेकंदकाटा एक पाऊल पुढे पडतो. वर्गात फळ्यावर हा भागाकार करून दाखविला की मुले खूष होतात. परंतु तेच घड्याळ उघडून पुढे ठेवले, तर दिसते काय? एक सेल, तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक काळा ठिपका. ज्या कंपनांचे एवढे कौतुक केले, ती डोळ्यांना कुठेच दिसत नाहीत. शिक्षकाने सांगितले म्हणून मुलांनी मानावयाचे, एवढेच.

चावीचे घड्याळ उघडा. तेथे काहीही मानावे लागत नाही. एका डबीत पोलादाची कमान गुंडाळलेली असते. आपण चावी देतो ती हिला. ही कमान मोकळी सुटली तर दिवसभराचे बळ क्षणात उधळून टाकील. म्हणून तिच्यापुढे दंतचक्रांची माळ लावलेली असते, आणि माळेतील शेवटच्या चक्राचा दात नांगराच्या आकाराची एक चिमुकली तरफ अडवून धरते. त्या तरफेला हलविणारे चाक केसासारख्या बारीक कमानीवर पुढेमागे झोके घेत असते. प्रत्येक झोक्याला एक दात सुटतो, आणि सुटता सुटता तो त्या चाकाला पुढच्या झोक्यापुरता धक्का देऊन जातो. म्हणजे जो अडवितो, तोच अडविलेल्याच्या बळावर जगतो! कानाशी ऐकू येणारी टिकटिक ती हीच.

जुन्या धाटणीच्या घड्याळात हे झोके तासाला १८,००० पडतात, दिवसाला ४,३२,०००. चोवीस तासांचे सेकंद ८६,४००. त्यांत वीस सेकंदांची चूक म्हणजे एका टक्क्याच्या चाळिसाव्या हिश्श्याहूनही कमी. विजेचा स्पर्श नसलेल्या मूठभर धातूने एवढे साधावे, हे मला तरी क्वार्ट्झच्या अचूकतेहून अधिक नवलाचे वाटते. ती केसासारखी कमान घड्याळात बसविण्याची युक्ती हायगेन्सने १६७५ मध्ये प्रसिद्ध केली. उष्णतेने तिची ताकद बदलते, ही अडचण पुढे दोन शतके राहिली. तिच्यावर उपयोगी पडलेल्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंचा शोध लावणारा शार्ल गियोम हा घड्याळे करणाऱ्याचाच मुलगा. १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

या सगळ्या विद्येवर संकट आले ते १९६९ साली, आणि तेही ऐन नाताळच्या दिवशी. २५ डिसेंबरला टोकियोत सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस मांडले. गंमत अशी, की असे घड्याळ स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे १९६७ मध्येच प्रायोगिक रूपात तयार झालेले होते. तथापि पुढच्या पंधरा वर्षांत पोळला गेला तो स्विस कामगारच. १९७० च्या सुमारास त्या धंद्यात जवळजवळ नव्वद हजार माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे एक-तृतीयांश उरली.

ल लोक्ल गावातील झेनिथ कारखाना त्यावेळी एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचा होता. १९७५ मध्ये मालकांचा हुकूम आला, की चावीची यंत्रे करणे बंद करावे आणि त्यांची अवजारे विकून टाकावीत. तेथील शार्ल व्हर्मो या कारागिराने वरिष्ठांना पत्र लिहून विनवणी केली. तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा त्याने साचे व हत्यारे गुपचूप पोटमाळ्यावर नेऊन लपविली, आणि कोणते हत्यार कशासाठी, याची टिपणे लिहून ठेवली. १९८० च्या दशकात त्या यंत्रांना पुन्हा मागणी आली, तेव्हा काम सुरू झाले ते त्या लपविलेल्या हत्यारांमुळे आणि टिपणांमुळे. या गृहस्थाने जपली ती घड्याळे नव्हेत, घड्याळे करण्याची रीत जपली, हे मला विशेष वाटते.

आपल्याकडे हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. तिचे ‘जनता’ घड्याळ नावाप्रमाणेच सामान्य माणसाचे होते. पुढे १९८४ मध्ये टायटन कंपनी निघाली, तिने क्वार्ट्झवर भर दिला, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच्. एम्. टी. वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. आज लाखो रुपये मोजून स्विस चावीचे घड्याळ घेणारे आहेत. ते लेणे आहे. त्याविषयी मला फारसे बोलावयाचे नाही. वडिलांचे ‘जनता’ आजही बांधणाऱ्याचे घड्याळ मात्र ज्याच्या जिवावर चालते, तो घड्याळजी बाजाराच्या कोपऱ्यात, डोळ्याला भिंग लावून, हातभर फळीमागे बसलेला असतो, आणि त्याचा मुलगा बहुधा मोबाईल दुरुस्त करतो. चावीचे घड्याळ पिढ्यान्पिढ्या टिकते असे आपण म्हणतो खरे. पण ते टिकते दुरुस्त करणारा हात आहे तोवरच.

तेव्हा कपाटात असे एखादे घड्याळ पडून असेल, तर त्याला लगेच चावी देऊ नका. आतील तेल वर्षानुवर्षांत घट्ट झालेले असते, आणि कोरड्या खुंट्यांवर चक्रे फिरली की त्या झिजतात. ते प्रथम घड्याळजीकडे न्यावे, सफाई व तेलपाणी करून घ्यावे, आणि मजुरीची घासाघीस करू नये. चालू झाल्यावर रोज सकाळी ठराविक वेळी चावी द्यावी, आणि बोटांना अडथळा लागला की थांबावे. दुकानात लहान मुलाला बरोबर न्यावे, आणि मागचे झाकण त्याच्यासमोर उघडण्याची विनंती करावी. घड्याळजी सहसा नाही म्हणत नाही, भिंगही देतो.