'कर्नल' शब्दातील रकार

जे केवळ पुस्तकांतून इंग्रजी शिकले, त्यांची फजिती करणारे शब्द त्या भाषेत थोडेथोडके नाहीत. परंतु सैन्यातील एका हुद्द्याचे नाव त्या सर्वांत कपटी म्हणावे लागेल. सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल अशी सात अक्षरे समोर येतात. त्यांत 'आर' औषधालाही नाही. वर्गात उभा राहून धडा वाचणारा एखादा मुलगा सरळ मनाने 'कोलोनेल' म्हणतो. सारा वर्ग हसतो, आणि पुढे कित्येक दिवस तो मुलगा मोठ्याने वाचावयाचे टाळतो. हे हसणे अन्यायाचे आहे. मुलाने अक्षरांशी इमान राखलेले असते. बेइमानी झाली आहे ती शब्दाकडून.

हा शब्द मूळचा इटलीतला. इटालियन भाषेत 'कोलोन्ना' म्हणजे स्तंभ, आणि सैन्याच्या स्तंभाकार तुकडीचा नायक तो 'कोलोनेल्लो'. शब्द फ्रान्समध्ये गेला, तेव्हा जवळजवळ येणारे दोन लकार जिभेला जड झाले. तिने पहिल्याचा रकार केला आणि 'कोरोनेल' हे रूप रूढ झाले. र आणि ल यांची ही अदलाबदल आपल्याला अपरिचित नाही. संस्कृतात 'रोम' आणि 'लोम' दोन्ही चालतात, आणि 'हरिद्रे'तील रकाराचा ळकार होऊन आपल्या स्वयंपाकघरातली हळद झाली आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी फ्रेंचांकडून हा शब्द उचलला तो रकारासह, आणि लिहिलाही रकारानेच. लेखन व उच्चार यांचे तेव्हा भांडण नव्हते.

भांडण लावले ते शहाण्यांनी. इटालियन युद्धशास्त्राच्या ग्रंथांची भाषांतरे होऊ लागली, मूळ रूप डोळ्यांसमोर आले, आणि फ्रेंचांनीही आपला लकार परत आणला. सतराव्या शतकात इंग्रजी लेखनात लकार कायमचा बसला. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही उच्चार बराच काळ चालत राहिले. मधला स्वरही गळून गेला. जॉन वॉकर हा एके काळचा नट. त्याने १७९१ साली आपला उच्चारकोश प्रसिद्ध केला, त्यात रकाराचाच उच्चार दिला आहे. लेखनात लकार जिंकला, बोलण्यात रकार.

मराठी माणसाला हा शब्द प्रथम भेटला तो कानाने. १७७६ च्या पुरंदरच्या तहाची बोलणी करण्यास कर्नल अप्टन आला होता. अशा अधिकाऱ्यांना पेशवाईच्या पत्रांतून 'कर्णेल' म्हटलेले आढळते. कारकुनाने स्पेलिंग पाहिलेच नव्हते, म्हणून तो चुकला नाही. गोव्याकडून पोर्तुगीजांचा 'कोरोनेल'ही शेजारी होताच.

आता प्रत्यक्ष उच्चाराविषयी. तोंड थोडेसे उघडावे, जीभ मध्ये सैल ठेवावी, टाळूला लावू नये, आणि 'क'मधील अकार लांबवावा. पुढचे 'नल' हलके, जवळजवळ गिळल्यासारखे म्हणावे. आघात पहिल्या अवयवावर. लंडनकडील शिष्ट उच्चारात हा रकार ऐकूही येत नाही, त्याने केवळ स्वर लांबवलेला असतो. अमेरिकन माणूस तो स्पष्ट उच्चारतो. बदामाच्या किंवा धान्याच्या आतील गरास इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा आणि याचा उच्चार अगदी एकच. मराठी बोलताना मात्र खणखणीत रकाराने 'कर्नल' म्हणावे. तेथे लंडनची नक्कल करणे हास्यास्पद होईल.

याच हुद्द्याच्या एक पायरी खाली लेफ्टनंट कर्नल असतो. त्या पहिल्या शब्दाच्या स्पेलिंगात 'एफ' नाही, तरी इंग्रज फकार उच्चारतो. अमेरिकन 'लूटेनंट' म्हणून मोकळा होतो. भारतीय सैन्याने इंग्रजी वळण ठेवले आहे. हा फकार कोठून आला, याचा निर्णय मात्र भाषाशास्त्रज्ञांना अद्याप करता आलेला नाही.