निवास आणि न्याहारी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू व्यवसायात आहेस, उद्योजकतेवर दहा मिनिटं बोल.’ उद्योजकता हा शब्द मला जरा अंगाला मोठा होतो. पोफळीच्या वाडीत दोन कौलारू खोल्या, पुढे सारवलेली पडवी, मागे विहीर, एवढाच माझा उद्योग. येणारे पाहुणे तिथे राहतात आणि सकाळी न्याहारी करतात. सरकारी पर्यटन योजनेचं नावच मुळी ‘निवास व न्याहारी’ असं आहे. निवासाबद्दल सगळेच बोलतात, म्हणून आज मी न्याहारीबद्दल बोलणार आहे.

बाहेरगावी गेलेल्यांना आठवत असेलच, श्रीवर्धनची वाडी म्हणजे सुपारी. इथल्या रोठ्याचं नाव मोठं. विद्यापीठाच्या सुपारी संशोधन केंद्रानं इथूनच ‘श्रीवर्धनी’ ही जात दिली. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी, पुस्तकं आणि बहिणींची लग्नं पोफळीवर झाली. पाहुणे म्हणजे मे महिन्यातला आणि दिवाळीतला जोडधंदा होता.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत हिशेब उलटा झाला. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. पोफळ उंच आणि सडपातळ, तिची मुळं वरवरची. एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊन पडते. नवं रोप धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत घर कशावर चालवायचं, हा प्रश्न गावातल्या घराघरांत होता. आमच्याकडे त्याचं उत्तर त्या दोन खोल्याच होत्या. पण मार्चपासूनच्या टाळेबंदीमुळे त्या बंद होत्या, आणि वादळात त्यांचीही कौलं गेली होती. कौलं चढवली, वीज आली, पुढे पाहुणेही येऊ लागले. जोडधंदा होता तो मुख्य धंदा झाला, आणि तो माझ्या चुलीवर येऊन बसला.

आता आकडेमोड सांगते. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी तपासावी.

कोकणातली खरी झटपट न्याहारी म्हणजे घावन. आंबोळीचं पीठ रात्री आंबवावं लागतं, घावनाला ते नाही. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, तापलेला बिडाचा तवा, की झालं. पण घावन झटपट असतो तो एकाला. दहा पाहुण्यांना माणशी तीन म्हटले तर तीस घावन होतात. एकाला तीन मिनिटं धरली तर नव्वद मिनिटं तव्यासमोर उभं राहायचं, आणि घावन आधी करून ठेवता येत नाही. गार घावन म्हणजे ओला रुमाल. चहा कोण देणार, पाणी कोण काढणार, पोरांचे डबे कोण भरणार? सोपा उपाय सगळे सांगतात: पाव-बटर आण, ऑम्लेट कर. पावाशी माझं वैर नाही. पोर्तुगीजांकडून शब्दासकट आला तो, आता आपलाच आहे. पण तो इथे येणाऱ्याला त्याच्या घराखालच्या दुकानातही मिळतो. त्यासाठी इतका घाट उतरून कोण येईल?

यातून वाट काढली ती सासूबाईंच्या धोंडसानं. शहरातल्या मुलांना सांगते, धोंडस म्हणजे काकडीचा केक. गोव्याकडे याला तवसोळी म्हणतात. पावसाळ्यात मांडवावर धरलेली काकडी, आपलं तवसं, पिवळं जून होऊ द्यायचं. सोलून, बिया काढून किसायचं. दोन वाट्या कीस असेल तर वाटीभर तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा. वाटीला थोडा कमी गूळ, मूठभर ओलं खोबरं, वेलची आणि चिमूट मीठ. मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय गूळ नुसता गोड लागतो. पाणी वेगळं घालायचं नाही, काकडीला सुटतं तेवढ्यातच रवा फुलतो. हे सगळं एकत्र शिजवून घट्टसर करायचं, तूप लावलेल्या जाड पातेल्यात ओतायचं, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवायचे. निखाऱ्यांना आपल्याकडे नारळाची सोडणं आणि करवंट्या आहेतच. पाऊण तासानं सुरी खुपसून बघायची. कोरडी निघाली की झालं.

यीस्ट नाही, अंडं नाही, रात्रभर वाट बघणं नाही. परदेशात अशा पावाला ‘क्विक ब्रेड’ म्हणतात. तिकडे तो खाण्याच्या सोड्यावर किंवा बेकिंग पावडरवर फुलतो. इंग्लंडातल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. धोंडसाला तीही लागत नाही. तो केकसारखा जाळीदार होत नाही, मऊ आणि दाट होतो, आणि तसाच चांगला लागतो.

माझ्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. त्या पाऊण तासात धोंडसाला माझी गरज नसते. पहाटे साडेपाचला पातेलं चढवलं की मी मोकळी. आठ वाजता पाहुणे पडवीत येतात तेव्हा झाकण काढायचं. पोफळीच्या विरीच्या ताटलीत गरम वडी, वर तुपाची धार, बाजूला लोणी. घावन मी आजही करते, पण माणशी एक, चवीपुरता. नव्वद मिनिटांची तीस झाली.

एक अडचण वादळानं केली, ती कुठल्याही पंचनाम्यात आली नाही. जून तवशी आपल्याकडे वाशांना टांगून ठेवतात, थंडीभर टिकतात. नव्यानं बांधलेल्या बऱ्याच घरांना स्लॅब आला. स्लॅब वाऱ्यात उडत नाही, त्यामुळे बांधणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. पण स्लॅबला वासा नसतो. टांगलेली तवशी गेली, आणि पुढच्या वर्षी पेरायचं बीही त्यांच्याच पोटात होतं. मी बी तीन घरी फिरून गोळा केलं. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर घरचं बी असेल तर जाण्याआधी मला मूठभर देऊन जा.

आणखी एक. आपल्या वर्गात वाडीतली मुलं होती, जीवना बंदरावरची होती, मोहल्ल्यातली होती. डबे उघडले की सांदण दोन तऱ्हेचं निघायचं. आमच्या घरचं फणसाच्या रसाचं, पिवळं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या घरचं नारळाच्या दुधाचं, पांढरंशुभ्र. नाव एकच. आज तिची मुलगी ईदच्या सुट्टीत येणाऱ्या माझ्या पाहुण्यांसाठी पांढरं सांदण करून देते आणि तिचे पैसे ती रोख घेते. ते तसंच असायला हवं.

कारण मला शेवटी पैशांबद्दलच बोलायचं आहे. न्याहारी खोलीच्या भाड्यातच धरलेली असते. म्हणजे पहाटे साडेपाचला उठलेली बाई हिशेबात कुठेच नसते. वर्षभर मी वहीत दोनच गोष्टी लिहिल्या, सामान आणि तास. तेव्हा कळलं की न्याहारीत सामान स्वस्त आहे, महाग आहे तो माझा वेळ. तो भाड्यात धरला तेव्हा दर थोडा वाढला. पाहुणे कमी झाले नाहीत. खोल्या चालवणाऱ्या इथल्या सगळ्या मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच, ही वही घाला. आणि मुंबई-पुण्याच्या मित्रांनो, तुम्ही आलात की हक्कानं ‘घरचंच तर आहे’ म्हणता. घरचंच आहे, पण घरच्या बाईलाही तास लागतात. पूर्ण दर द्या, मग हक्कानं दुसरी वडी मागा.

नव्या पोफळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. त्या धरतील तेव्हा सुपारी पुन्हा मुख्य होईल का, मला माहीत नाही. मुलगी म्हणते, झाली तरी खोल्या बंद करायच्या नाहीत. ती सध्या वही लिहिते. धोंडस अजून मीच करते, पण निखारे ठेवायला तिला जमू लागलं आहे.

संयोजकांनी दहा मिनिटं दिली होती, ती संपली. उद्या सकाळी मुक्कामाला असलेल्यांसाठी आठ वाजता झाकण निघेल. साडेआठला याल तर धोंडस कोमट मिळेल, नऊला याल तर बहुधा मिळणार नाही.