जायबंदी सैनिकाची डुबकी आणि गावची वर्गणी

इराक आणि अफगाणिस्तान या देशांत अमेरिकेने चालविलेल्या युद्धांतून जे सैनिक परतले, त्यांतील पुष्कळांचे पाय रस्त्याकडेला पुरलेल्या स्फोटकांनी नेले होते. रणभूमीवर वैद्यकीय साहाय्य पूर्वीपेक्षा इतक्या त्वरेने पोहोचू लागले होते की, आधीच्या युद्धांत जे खचित दगावले असते, ते या वेळी वाचले. परंतु त्यांतील अनेक वाचले ते हातापायांवाचून. वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात अशा तरुणांची दाटी झाली होती. तेथे २००७ साली एक निराळीच शिकवणी सुरू झाली. पाठीवर हवेची टाकी बांधून आणि तोंडात श्वासाची नळी देऊन या तरुणांना तलावात पाण्याखाली राहावयास शिकविले जाऊ लागले. ‘सोल्जर्स अंडरटेकिंग डिसेबल्ड स्कूबा’ हे त्या उपक्रमाचे लांबलचक नाव. आद्याक्षरे जुळवून त्याला ‘सड्स’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ साबणाचा फेस असाही होतो, आणि सैनिकांच्या विनोदबुद्धीला ते साजेसेच आहे. जायबंदी सैनिकाकडून या शिक्षणाचा मोबदला घ्यावयाचा नाही, असा तेथील दंडक. मग पैसा उभा कसा राहतो, आणि तो उभा करणाऱ्यांनी कोणते पथ्य पाळावे, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

पोहणे एक वेळ ठीक. समुद्राच्या पोटात उतरण्याची ही चैन कशासाठी, अशी शंका सहज निघते. वर्गणी मागणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच दारात ऐकावा लागतो, आणि त्याच्यापाशी उत्तर नसेल तर पुढच्या दारी जाण्यात अर्थ नाही. उत्तर तसे जुनेच आहे. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये मणक्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, त्या काळी असा रुग्ण अंथरुणाला खिळून लवकरच मरावयाचा, ही समजूत वैद्यकातही रूढ होती. गुटमन यांनी त्यांना उठवून बसविले, कामाला लावले आणि खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचा उद्घाटन-सोहळा चालू असता स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जण चाकांच्या खुर्च्यांत बसून धनुर्विद्येची चढाओढ करीत होते. आजची पॅरालिंपिक स्पर्धा त्या सोळांपासून वाढली. तेव्हा खेळ हा उपचाराचाच भाग होय, हे कोणी नव्याने सिद्ध करावयाचे उरलेले नाही.

आणि पाण्याचा गुण खेळाहूनही काही अधिक आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां या जोडीने मोकळेपणाने पोहता येईल असे श्वसनयंत्र सिद्ध केले. तेव्हापासून माणसाला वरून सोडलेल्या नळीवाचून पाण्याखाली वावरणे अधिक सोपे झाले. कमरेचे शिसे आणि अंगातील जाकिटात भरलेली हवा यांचा मेळ बसला म्हणजे तो बुडतही नाही आणि वरही येत नाही, अधांतरी राहतो. तेथे पायांवाचून फारसे अडत नाही. जमिनीवर ज्याच्याशी बोलताना प्रत्येकाला मान वाकवावी लागते, तो तेथे इतरांच्या खांद्याला खांदा लावून तरंगत असतो.

हा मेळ बसविणे मात्र खर्चाचे व चिकाटीचे काम आहे. एक पाय नसलेल्याचे शरीर पाण्यात एका कुशीवर कलंडते. त्याचे शिसे पुन्हा पुन्हा जागा बदलून बांधावे लागते. लुळे पाय वर उचलले जात असतील तर घोट्यांना लहान वजने लावतात, आणि पायांचे काम हातांकडे देण्यासाठी बदकाच्या पंजासारखे पडदे असलेले हातमोजे देतात. दोन्ही हात नसतील तर कानांतील दाब सारखा करण्यासाठी नाक दाबावयासही दुसऱ्याचे हात लागतात. ज्या कातडीला संवेदना नाही, तिला तलावाच्या काठाचा ओरखडा कळतही नाही, आणि त्याची जखम पुढे महिनोन्महिने भरत नाही. यासाठी सर्वांगाला पोशाख हवा, नावेच्या कडेला मऊ गादी हवी. मणक्याची इजा मानेजवळची असेल तर शरीराला स्वतःची ऊब राखता येत नाही. अशांसाठी कोमट पाण्याचा समुद्र गाठावा लागतो, आणि तो बहुधा दूर असतो. कॅलिफोर्नियात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘हँडिकॅप्ड स्कूबा असोसिएशन’ने या पाणबुड्यांच्या तीन श्रेणी पाडल्या. पहिल्या श्रेणीला एक सोबती पुरतो. दुसरीला दोन लागतात. तिसरीला दोन, आणि त्यांतील एक बचावकार्यात तयार झालेला. म्हणजे एका सैनिकाच्या डुबकीसाठी तिघांचा प्रवास. शिवाय अनेक डुबक्या झाल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा संकेत आहे, कारण खोलीवर रक्तात व स्नायूंत मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. वर्गणीच्या पत्रकात या रिकाम्या दिवसाचे भाडे पाहून एखादा व्यापारी कपाळाला आठ्या घालतो. त्याला हे कारण नीट समजावून सांगणे हेही निधी गोळा करण्याचे कामच होय, किंबहुना तेच मुख्य.

अमेरिकेतील लहान गावांचे रिवाज आपल्या ओळखीचेच वाटतील. अग्निशामक ठाण्यात रविवारची न्याहारी, चर्चच्या सभागृहात घरी भाजलेल्या केकची विक्री, पाच किलोमीटरची धाव, क्वचित एखादी सोडत. पाणबुड्यांच्या मंडळांची तऱ्हा थोडी वेगळी: जुन्या साहित्याचा बाजार, किंवा ऑक्टोबरात पाण्याखाली बसून भोपळा कोरण्याची शर्यत. भोपळा वर पळू पाहतो आणि माणूस त्याला धरून ठेवतो. काठावरच्या मुलांना एवढी करमणूक पुरते. अशा दिवशी जमलेली रक्कम पुष्कळदा बेताचीच असते. त्याहून मोलाची ती वस्तुरूप मदत. तलावाच्या चालकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी पाणी मोकळे करून द्यावे, दुकानदाराने टाक्या फुकट भरून द्याव्यात. रोख पैसा मग दूरच्या प्रवासाला शिल्लक राहतो.

या सर्व उत्साहात एक गोष्ट वारंवार बिघडते. सैनिकाला गणवेशात व्यासपीठावर आणावयाचे, त्याचा पाय कसा गेला ते त्याच्या तोंडून वदवावयाचे आणि श्रोत्यांचे डोळे पाणावले की झोळी फिरवावयाची. हे सद्भावनेने होते, म्हणूनच त्याला कोणी आवर घालीत नाही. ज्याला समुद्रात बरोबरीची जागा मिळावी म्हणून हा खटाटोप, त्यालाच येथे काठावर दयेचा विषय म्हणून बसवावे, यासारखी विसंगती नाही. त्याला आधी विचारावे. त्याला बोलावयाचे नसेल तर तलावातील धड्यांविषयी त्याच्या शिक्षकाने बोलावे. आणि त्याला तव्यावरचे धिरडे उलटावयाचे असेल, तर ते त्याच्या हातून काढून घेऊ नये.

दुसरे पथ्य शब्दांचे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये केमन बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या दहा जायबंदी सैनिकांची तपासणी केली. स्नायूंचा ताठरपणा काहीसा उतरला, स्पर्शज्ञान थोडे सुधारले आणि युद्धाच्या मानसिक आघाताची लक्षणे बरीच ओसरली, असे त्यांना आढळले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. परंतु दहा माणसे म्हणजे पुरावा नव्हे. ‘डुबकीने लकवा बरा होतो’ असे पत्रकात छापणारा कार्यकर्ता दात्याची फसवणूक करतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खाटेवर पडून ते पत्रक वाचणाऱ्याची. ‘एक महिनाभर तो दर बुधवारी घराबाहेर पडेल’ एवढे वचन खरे आहे, आणि तेही लहान नाही.

शासनाचे कर्तव्य प्रजेने आपल्या शिरावर का घ्यावे, हा आक्षेप उरतोच, आणि तो योग्य आहे. शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव, निवृत्तिवेतन हे सैनिकाचे देणे आहे. त्यासाठी कोणी झोळी फिरवीत असेल तर त्याला वर्गणी न देता शासनाला जाब विचारावा. पण शासन नियमाने चालते, आणि सोबत्याचे विमानभाडे कोणत्या नियमात बसवावयाचे? ही फट लोकांनीच बुजवावी लागते. ब्रिटनमध्ये १९२१ पासून खसखशीच्या फुलाच्या विक्रीतून सैनिकांसाठी पैसा जमतो. भारतात १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिनाची छोटी निशाणे छातीला लागतात. या दोन्ही निधींचा व्याप मोठा आहे. गावचा निधी एका माणसाला ओळखून उभा राहतो.

महाराष्ट्रात याचे उदाहरण आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. हायडेलबर्गपर्यंत पोहोचण्यासाठी लागलेल्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत एक क्रिकेटपटू होते, विजय मर्चंट. अपंगांसाठी काम करणाऱ्या त्यांच्या संस्थेने तो भार उचलला होता.